नाही म्हणता येईल अशी मदत

१ जुलै २०२५ रोजी अमेरिकेची यूएसएड ही संस्था अधिकृतपणे गुंडाळली गेली आणि परदेशी मदतीवरचा जुना वाद नव्याने पेटला. आपल्याकडे हा वाद भारतातल्या संस्थांभोवती फिरतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींत मात्र त्यात ग्वाटेमाला हमखास येतं. कारण उघड आहे. विमानाने काही तासांवरचा देश, डोंगरात वसलेली माया या तिथल्या मूळ रहिवाशांची गावं, आणि तिथे वर्षभर येत राहणारी चर्च, विद्यापीठं, रोटरी क्लब. मेडिकलच्या वाटेवरची आपल्या घरांतली मुलंही तिथे आठवडाभर 'सेवा' करून येतात. मग जेवणाच्या टेबलावर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, ही सगळी एनजीओंची दुकानं, बंद झाली ते बरंच झालं. आरोग्य आणि शिक्षण हे सरकारचं काम. दुसरा तट फोन काढून फोटो दाखवतो: इतके रुग्ण तपासले, इतके चष्मे वाटले, इतक्या मुलींना शिष्यवृत्ती मिळाली, तुमच्या तत्त्वज्ञानाने कुणाचा ताप उतरला? पहिल्याला गावातला माणूस दिसत नाही आणि दुसऱ्याला त्या गावामागचा देश दिसत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बाहेरच्या संस्था असाव्यात की नसाव्यात, यावर भांडण्यात वेळ वाया चाललाय. विचारायचे प्रश्न दोनच आहेत. ज्या गावासाठी काम चाललंय त्या गावाला ते नाकारता येतं का? आणि त्या कामामुळे सरकारच्या डोक्यावरचा जबाबदारीचा भार वाढतो की उतरतो? पहिल्याचं उत्तर 'येतं' आणि दुसऱ्याचं 'वाढतो' असेल, तर पैसा कुठल्याही देशातून येवो, तिला भागीदारी म्हणावं. नाहीतर स्थानिक नावाची पाटी लावून, गावातल्या चार जणांना पगारावर ठेवूनही ती ठेकेदारीच राहते.

आधी तिथली स्थिती. २०१८ च्या जनगणनेत ग्वाटेमालात सुमारे ६२ लाख लोकांनी स्वतःची नोंद माया अशी केली, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास ४२ टक्के. किचे, काक्चिकेल, माम, केक्ची, इशिल अशा बावीस माया भाषा त्या देशात बोलल्या जातात. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ४६.५ टक्के मुलांची वाढ खुंटलेली आढळली. आदिवासी घरांत हेच प्रमाण ५८ टक्क्यांवर होतं. हा लॅटिन अमेरिकेतला सगळ्यात वाईट आकडा, आणि तो त्या खंडातल्या सगळ्यात गरीब देशाचा नाही, हे महत्त्वाचं. मध्य अमेरिकेतली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था ग्वाटेमालाची आहे. कर मात्र एकूण उत्पन्नाच्या जेमतेम १२ टक्के गोळा होतो. अमेरिकेत राबणारे ग्वाटेमालन लोक घरी जो पैसा धाडतात तो याहून मोठा आहे, अलीकडे उत्पन्नाच्या एक पंचमांशाच्या आसपास. म्हणजे माया गावातल्या आजारपणाचा आणि शाळेच्या खर्चाचा मोठा वाटा उचलणारा माणूस ना सरकारी आहे, ना एनजीओचा. तो कुठल्यातरी अमेरिकन शहरात छपरं शाकारतोय किंवा हॉटेलात भांडी घासतोय. संस्थांच्या पैशाला या तुलनेत फारसं वजन नाही. त्यामुळे आम्ही किती दिलं, ही त्यांची फुशारकी मुळातच फोल. त्यांच्या हातून खरोखर काही होऊ शकत असेल तर ते रकमेच्या जोरावर होणार नाही.

आता पहिल्या तटाचा सगळ्यात भक्कम मुद्दा मी त्यांच्यापेक्षा जोरात मांडतो, कारण त्यांना इतिहास पुरता ठाऊक नसतो. १९४६ ते १९४८ या काळात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने ग्वाटेमालात कैदी, सैनिक आणि मनोरुग्णालयातले रुग्ण यांना मुद्दाम गुप्तरोगांची लागण करून प्रयोग केले. तेराशेहून अधिक माणसं त्यात भरडली गेली. ग्वाटेमालाचे आरोग्य अधिकारी त्यात सामील होते. कागदोपत्री तीही दोन देशांची भागीदारीच होती. अमेरिकेने माफी मागितली ती २०१० मध्ये, एका इतिहासकार बाईंना जुनी कागदपत्रं सापडल्यावर. ४ फेब्रुवारी १९७६ च्या पहाटे भूकंपाने सुमारे तेवीस हजार माणसं मेली, आणि त्यानंतर मदतीचा पूर आला. मका नुकताच घरात आलेला, पीक चांगलं झालेलं. पडल्या होत्या त्या भिंती. तरी बाहेरून धान्य येत राहिलं, फुकट वाटलं गेलं, आणि ज्या शेतकऱ्याला घर बांधायला मका विकायचा होता त्याच्या मक्याचा भाव पडला. आणि १९८२! मार्चमध्ये सत्ता बळकावलेल्या एफ्राइन रिओस माँटच्या लष्कराची योजनाच होती 'फ्रिहोलेस इ फुसिलेस', घेवडा आणि बंदुका. लष्कराच्या गस्तीदलात सामील होणाऱ्या गावाला अन्न, न होणाऱ्याला आग. नेबाह, चाहुल, कोत्सल या इशिल मुलखात गावंच्या गावं बेचिराख झाली, वाचलेल्यांना लष्कराच्या नजरेखालच्या 'आदर्श खेड्यां'त बसवलं गेलं, आणि अमेरिकेतल्या काही इव्हँजेलिकल गटांची धान्य-कपड्यांची मदत त्या मुलखात लष्कराच्याच हाताने पोचत होती. तीही मदतच. तिचेही फोटो निघाले असतील.

तेव्हा 'आमचा हेतू चांगला आहे' हे उत्तर तिथे चालत नाही. हेतू चांगला असणारे त्या इशिल मुलखातही होते.

मग पहिला तट म्हणतो तसं सरकारवर सोडावं? कुठल्या सरकारवर? १९९९ मध्ये सत्यशोधन आयोगाने निष्कर्ष काढला की छत्तीस वर्षांच्या यादवीत दोन लाखांहून अधिक माणसं मारली गेली किंवा नाहीशी झाली. ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते, आणि ९३ टक्के अत्याचारांची जबाबदारी सरकारी दलांवर आणि त्यांच्या हस्तकांवर होती. ज्या राज्ययंत्रणेचा गावात पहिला ठळक प्रवेश गणवेशात झाला, तिच्या दवाखान्यात बाईने बिनधास्त बाळंत व्हायला जावं अशी अपेक्षा ठेवणं सोपं नाही. त्यातून तिथला डॉक्टर स्पॅनिश बोलणार आणि तिच्या कमरेला गुंडाळलेल्या विणलेल्या वस्त्राकडे, कोर्तेकडे बघून बोलण्याचा सूर ठरवणार.

शिवाय सरकार आणि एनजीओ हे दोन वेगळे पर्याय आहेत, हे गृहीतच ग्वाटेमालात खोटं ठरलंय. १९९६ च्या डिसेंबरमध्ये शांतता करार झाला, आणि १९९७ पासून सरकारने खेड्यांतली प्राथमिक आरोग्यसेवा चक्क संस्थांना कंत्राटाने देऊन टाकली. 'सेवाविस्तार' असं त्या योजनेचं नाव. ऐन भरात तिच्या यादीत चाळीस लाखांहून अधिक माणसं होती. महिन्यातून एकदा डॉक्टर किंवा नर्स गावात येणार, लसी देणार, वजनं करणार, आणि मधल्या दिवसांत गावातले स्वयंसेवक सांभाळणार. कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय बँका खूश, कारण सरकारी नोकरांची संख्या वाढली नाही. संस्थाही खूश, कंत्राट मिळालं. सरकार सगळ्यात खूश, कारण यादीत नाव आलं की माणूस 'सेवेखाली' धरला जायचा. पैसे मात्र महिनोन्महिने रखडायचे, कंत्राटांत राजकारण्यांच्या ओळखीपाळखी शिरल्या, आणि बाळंतीण अडली तर महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरची तारीख बघायची वेळ यायची. २०१३ मध्ये कायदा बदलून ही योजना मोडीत काढायचं ठरलं आणि पुढच्या दीडेक वर्षात ती बंदही झाली.

इथे दुसऱ्या तटाला त्याचं श्रेय द्यायला हवं. संस्था निघाल्या तेव्हा त्यांच्या जागी सरकार आलं नाही. बऱ्याच गावांत काही काळ कुणीच आलं नाही. जे येत होतं ते तुटपुंजं होतं, पण लस त्याच माणसाच्या डब्यातून यायची. 'एनजीओ हटाव' म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं आणि मग टाळ्या वाजवाव्यात. पण दुसऱ्या तटाने या प्रकरणातून काढलेला निष्कर्षही मला पटत नाही. ते म्हणतात, बघा, आम्ही नसलो की काय होतं. मी विचारतो, सोळा-सतरा वर्षं तुम्ही होतात, तेवढ्या काळात गावाकडे काय उरलं? योजना बंद करताना गावांना कुणी विचारलं का? आणि सुरू करताना तरी? ज्या सेवेचा करार राजधानीत दोन कार्यालयांत होतो, तो तिथेच मोडतोही. गाव दोन्ही वेळेला बाहेर उभं. पहिल्या प्रश्नावर ही योजना नापास, आणि दुसऱ्यावर तर सपशेल, कारण सरकारला हात झटकता यावेत हाच तिच्या रचनेचा गाभा होता.

याच्या उलट चित्र त्याच डोंगरात पंचवीस-तीस वर्षं आधी दिसलं होतं, आणि त्याचा धागा थेट आपल्या नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी जुळतो. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, लोकांनी स्वतः उभारलेल्या आरोग्यसेवेच्या जगभरच्या प्रयोगांचं एक पुस्तक काढलं. त्यात एक प्रकरण रजनीकांत आणि मेबल आरोळे यांच्या जामखेडचं होतं, आणि एक होतं ग्वाटेमालातल्या चिमाल्तेनांगोचं, कॅरोल बेहरहॉर्स्ट या अमेरिकन डॉक्टरचं. तीन वर्षांनी अल्मा-आटाच्या परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' अशी घोषणा झाली, तिच्यामागे या प्रयोगांचं बळ होतं. जामखेडला आरोळ्यांनी आधी नर्सेस गावात ठेवून पाहिल्या, त्या टिकेनात. तेव्हा गावातल्याच बायका तयार करा, असं गावकऱ्यांनीच सुचवलं आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या, बऱ्याचशा दलित बायका आरोग्यसेविका झाल्या. बेहरहॉर्स्ट १९६२ मध्ये चिमाल्तेनांगोत आला. त्याने काक्चिकेल शेतकऱ्यांना आरोग्य-प्रवर्तक म्हणून तयार केलं. माणूस गावाने निवडायचा, त्याने आठवड्यातून एक दिवस दवाखान्यात येऊन शिकायचं. आणि या डॉक्टरने आजारांच्या कारणांचा जो क्रम लावला त्यात सामाजिक-आर्थिक अन्याय आणि जमिनीची मालकी अगदी वर होती. औषधोपचार सगळ्यात खाली. दवाखाना चालवणारा माणूस दवाखान्याला शेवटचा नंबर देतो, हे आजच्या किती संस्थांच्या माहितीपत्रकात खपेल?

पुढे दोन्ही प्रयोगांच्या वाटा फुटल्या. जामखेड टिकलं, वाढलं. नंतर गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने आरोग्यदूतांच्या हातून नवजात बाळांचे जीव वाचवून दाखवले. आणि गावातली बाई आरोग्याचं काम करू शकते ही गोष्ट २००५ मध्ये 'आशा' म्हणून सरकारी योजनेत शिरली. चिमाल्तेनांगोचे प्रवर्तक १९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत वेचून मारले गेले, गायब झाले, सीमा ओलांडून मेक्सिकोत पळाले. गुन्हा काय? गावाने निवडलेला, वाचता येणारा, चार गावांत उठबस असणारा माया माणूस लष्कराच्या लेखी पुढारी होता, आणि पुढारी म्हणजे बंडखोर. दोन्हीकडची कामाची पद्धत सारखी, माणसं सारखीच गरीब. राज्य मात्र वेगळं. आपल्याकडच्या राज्याने कंजूषपणे, उशिराने आणि बायकांना नीट पगार न देता का होईना, पण ती कल्पना उचलली. तिथल्या राज्याने ती उचलणाऱ्या माणसांनाच संपवलं.

म्हणून 'आम्ही राजकारणात पडत नाही, आम्ही फक्त आरोग्य आणि शिक्षण बघतो' असं कुणी म्हटलं की मला ते भाबडंही वाटत नाही, सोयीचं वाटतं. गावाने निवडलेल्या माणसाच्या हाती ज्ञान देणं हे तिथे राजकारणच होतं आणि त्याची किंमत त्या माणसाने मोजली, दात्याने नाही.

आता आजच्या एका दृश्याकडे जवळून पाहू. माया गावात बाहेरच्या डॉक्टरांचं शिबिर भरतं त्याला 'होर्नादा' म्हणतात. शाळेला सुट्टी देऊन वर्गात टेबलं मांडलेली. पहाटेपासून बायका पाठीवर मुलं बांधून रांगेत. अमेरिकन डॉक्टर इंग्रजीत विचारतो, राजधानीतून आलेली मुलगी ते स्पॅनिशमध्ये सांगते, आणि शाळेतली सातवी-आठवीतली एखादी पोर ते काक्चिकेलमध्ये आजीला विचारते. आजी दोन मिनिटं बोलते. आजीचं बोलणं परत त्याच वाटेने डॉक्टरपर्यंत पोचतं तेव्हा उरतात तीन शब्द: पोट दुखतं म्हणे. जंताची गोळी, जीवनसत्त्वाची बाटली, मधुमेह सापडला तर महिनाभराच्या गोळ्या. एकतिसाव्या दिवशी काय? पुढची होर्नादा वर्षाने, तीही कदाचित दुसऱ्या चर्चची, आणि आजीचा कागद पहिल्यांनी सोबत नेलेला. गंमत अशी की गोळ्या संपल्यावर ती ज्या सरकारी आरोग्य केंद्रात जाणार तिथल्या नर्सला या शिबिराचा पत्ताही नसतो, आणि गोळीचा ब्रँड तिच्या कपाटात नसतो. इथे वाईट हेतू कुणाचाच नाही. पण गावाने हे मागितलं होतं का, या तारखेला, या औषधांसाठी? नको म्हणायची सोय होती का? फुकट आलेल्या डॉक्टरला कोण नको म्हणेल!

याच डोंगरात काही जण वेगळं करतात, ते सांगितलं नाही तर मी फक्त नाकं मुरडतोय असं होईल. 'वुकु कावोक' ही २००७ मध्ये सुरू झालेली संस्था माया भाषांतूनच आरोग्यसेवा देते. बरीचशी माया बाळंतपणं अजून कोमाद्रोना, म्हणजे सुईणी करतात. पूर्वापार सरकारी रुग्णालयं या सुईणींना फाटकातच अडवायची. अडलेल्या बाईला रात्री पिकअपमध्ये घालून आणायचं कुणी, तर सुईणीने, आणि आत जायची बंदी कुणाला, तर तिलाच. या संस्थेने सुईणींसोबत बसून, चित्रांवर चालणारं एक साधन फोनवर तयार केलं, रक्तदाब आणि बाळाच्या ठोक्यांची नोंद त्यात होते, आणि धोका दिसला की संस्थेची, त्या भाषेची माणसं बाईसोबत सरकारी रुग्णालयात जातात, आत उभी राहतात, बोलतात. बाई संस्थेच्या खासगी दवाखान्यात गेली नाही हे लक्षात घ्या. ती सरकारी दारात गेली आणि दार उघडावं लागलं. असं दार उघडलं की सरकारवरचा भार वाढतो.

सुईणींनी पुढची लढाई स्वतः लढली, तीही सांगितली पाहिजे. त्यांच्या संघटनेने भेदभावाबद्दल आरोग्य मंत्रालयाला कोर्टात खेचलं. २०२२ मध्ये कायदा झाला, नोंदणीकृत सुईणीला वर्षाला ३,००० केत्साल, म्हणजे तिथल्या चलनात. वर्षाला! महिन्याला नव्हे. आपल्या आशाताई २०२३ मध्ये मानधनासाठी संपावर गेल्या होत्या, त्यांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. बायकांच्या फुकट कष्टाला 'लोकसहभाग' म्हणण्यात सरकारं आणि संस्था यांचं जगभर एकमत आहे.

शिक्षणात माझ्या मुद्द्याचा सगळ्यात चांगला पुरावा अक्षरांच्या भांडणात सापडतो. अमेरिकेतली समर इन्स्टिट्यूट ऑफ लिंग्विस्टिक्स ही मिशनरी भाषासंस्था दशकानुदशकं माया भाषांवर काम करत होती. तिच्याकडे पैसा, छापखाने, प्रशिक्षित माणसं, सरकारदरबारी वजन, सगळं होतं. तिने माया भाषांची लिपी स्पॅनिश वळणाची ठेवली, मुलांना पुढे स्पॅनिश वाचणं सोपं जावं म्हणून. दुसरीकडे १९७० च्या दशकात अँटिग्वातल्या फ्रान्सिस्को मारोकीन भाषा प्रकल्पात काही अमेरिकन भाषाशास्त्रज्ञांनी माया तरुणांना भाषाशास्त्र शिकवलं आणि काही वर्षांतच संस्था त्यांच्या हाती देऊन ते बाजूला झाले. या तरुणांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी पुढे काय केलं? ज्यांनी दशकानुदशकं त्यांच्या भाषा 'अभ्यासल्या' त्यांच्या विरोधात उभं राहून, आमची लिपी स्पॅनिशची पायरी म्हणून चालणार नाही, असं ठणकावलं. १९८७ मध्ये एकीकृत वर्णमालेला सरकारी मान्यता मिळाली, मिशनरी भाषासंस्थेचा विरोध डावलून. १९९० मध्ये माया भाषा अकादमी कायद्याने स्थापन झाली. एका संस्थेने लोकांसाठी काम केलं, दुसरीने लोकांना नाही म्हणण्याइतकं तयार केलं आणि मग स्वतः सरकली. पुस्तकांच्या संख्येत पहिली कितीतरी पुढे असेल.

शाळांचं आजचं चित्र याहून अवघड आहे. राज्यघटना माया भागात शक्यतो द्विभाषिक शिक्षण द्या म्हणते. व्यवहारात किचे गावात माम शिक्षक येतो आणि दोघं स्पॅनिशमध्ये अडखळतात. अशा वेळी एकेका हुशार मुलीला निवडून दाता जोडून देणं हा लोकप्रिय उपाय. त्या मुलीचं भलं होतं, यात शंका नाही. पण वर्गातल्या उरलेल्या मुलांना शाळा तशीच राहते, आणि ती मुलगी बहुधा गाव सोडते. त्यापेक्षा मला सिनसिनाटीच्या 'कोऑपरेटिव्ह फॉर एज्युकेशन'ची पाठ्यपुस्तकांची पद्धत पटते. पहिला संच संस्था देते, पालक थोडंसं भाडं भरतात, ते एका निधीत साठतं आणि पाच वर्षांनी पुस्तकं फाटली की त्याच निधीतून नवी येतात. यात डोळ्यांत पाणी आणणारा फोटो नाही. पण पालक पैसे भरतो तेव्हा तो तक्रारही करतो, आणि मला ती तक्रार हवी आहे.

सीमेपलीकडे मेक्सिकोच्या चियापासमध्ये सोत्सिल आणि त्सेल्ताल माया लोकांनी हाच प्रश्न सर्वांत रोखठोक सोडवला. २००३ च्या जुलैत सापातिस्ता या तिथल्या बंडखोर संघटनेचा नेता सबकमांदांते मार्कोस याने मदत करणाऱ्यांना एक जाहीर पत्र लिहिलं. आलेल्या मदतीत काय काय निघालं ते त्यात आहे: बिघडलेले संगणक, मुदत संपलेली औषधं, आणि उंच टाचेचा एक गुलाबी बूट, परदेशी बनावटीचा, साडेसहा नंबरचा, तोही जोडीतला एकच. त्यानंतर त्यांनी नियम केला की यापुढे कुठलीही संस्था स्वतःला आवडलेल्या गावात परस्पर जाणार नाही; प्रस्ताव आधी त्यांच्या मंडळाकडे, मंडळ ठरवेल कुठे गरज आहे, आणि प्रत्येक प्रकल्पाच्या रकमेतला दहावा हिस्सा दुसऱ्या, दुर्लक्षित गावांसाठी काढून ठेवायचा. काही संस्था रागावल्या, बऱ्याच टिकल्या. २०२३ च्या शेवटी सापातिस्तांनी ती मंडळं विसर्जित केली आणि निर्णय आणखी खाली, वाड्यावस्त्यांकडे नेले. त्यांचं राजकारण पटो न पटो, दात्यांवर कर लावणारे गरीब लोक मी दुसरीकडे पाहिले नाहीत.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप खरे आहेत. पहिला: 'गाव' म्हणजे कोण? गावाचा अधिकार म्हणजे बरेचदा म्हाताऱ्या पुरुषांचा अधिकार. त्यांनी कुटुंबनियोजनाला नाही म्हटलं तर तो नकार बायकांचा कसा? मान्य. आपल्याकडे ग्रामसभेत काय होतं ते आपण पाहतोच. पण यावर उपाय बाहेरच्याने ठरवणं हा नाही. सुईणींची संघटना, विणकर बायकांचे गट, मुलींच्या शाळेतल्या माता, अशी नकाराची दारं वाढवावी लागतात. एकच सही पुरेशी धरायची नाही. दुसरा आक्षेप जास्त जिव्हारी लागणारा आहे: तुम्ही बैठका घेत बसाल तोवर मूल मरेल. पहिल्या हजार दिवसांत खुंटलेली वाढ भरून येत नाही, हे शास्त्र आहे. मला याचं पूर्ण उत्तर देता येत नाही. जुलाबाने सुकलेल्या मुलाला सलाइन लावताना कुणी ठराव विचारू नये. पण साठ वर्षं हीच घाई सांगितली जातेय, आणि प्रत्येक वेळी घाईच्या नावाने वगळलं जातं ते गाव. जी संस्था दहा वर्षं एका मुलखात आहे तिला अजून बैठकीला वेळ मिळाला नसेल तर तिची अडचण घाईची नाही.

आणि या लोकांना निर्णय घेता येत नाहीत, त्यांची 'क्षमता बांधावी' लागते, या समजाचं काय करायचं? २ ऑक्टोबर २०२३ पासून टोटोनिकापानच्या ४८ कांतोनेस या किचे ग्रामसंघटनेने आणि इतर माया अधिकारी मंडळांनी देशभर रस्ते अडवले. राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकलेले बेर्नार्दो आरेव्हालो यांना सत्तेवर येऊ न देण्याचा सरकारी वकिलांचा घाट मोडायला. काही आठवडे त्यांनी शिस्तीत, पाळ्या लावून, स्वतःच्या स्वयंपाकावर तो संप चालवला. राजधानीत सरकारी वकिलांच्या मुख्य कार्यालयाबाहेर तर ते महिनोन्महिने बसून राहिले. जानेवारी २०२४ मध्ये शपथविधी झाला. या मंडळांतले पुढारी वर्षभर बिनपगारी सेवा देतात, पाण्याचे झरे आणि जंगल सांभाळतात. देशाची लोकशाही सावरणाऱ्या या माणसांना गावात परतल्यावर कुणा संस्थेच्या कार्यशाळेत 'नेतृत्व' शिकवायला बसवतात, तेव्हा कोण कुणाकडून शिकावं?

तेव्हा आपल्यापैकी जे पैसे देतात, ग्वाटेमालाला किंवा गडचिरोलीला, त्यांनी संस्थेला किती जणांना लाभ झाला हे विचारणं थोडे दिवस बंद करावं. तो आकडा प्रत्येकाकडे तयार असतो. त्याऐवजी विचारावं: गेल्या तीन वर्षांत तुमची कुठली योजना गावाने फेटाळली? तुम्ही कुठली बदलली, कुणाच्या सांगण्यावरून? सरकारने कुठलं काम स्वतःकडे घेतलं, आणि नसेल घेतलं तर कुठल्या कचेरीत तुम्ही गावकऱ्यांसोबत जाऊन ते मागितलं? संस्थांच्या वार्षिक अहवालात फेटाळलेल्या प्रस्तावांचं एक पान असायला हवं, जमाखर्चाइतकंच सक्तीचं. आजवर कुठल्याही अहवालात मला ते दिसलेलं नाही, आणि दाते ते मागत नाहीत तोवर दिसणारही नाही.